नीट मुरड घालणारी बाई पाहिजे

आर्मास सिवोनेनने आयुष्यात लिहिलेला सर्वांत मोठा मजकूर म्हणजे त्याच्या बेकरीच्या दारावरची पाटी : ‘सोमवारी बंद’. एकोणसाठ वर्षांत याहून जास्त काही लिहायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. त्या वर्षी आली, त्याने दोन ओळी लिहिल्या, आणि कोइवुलाम्पी गावातल्या यच्चयावत बायका त्याच्याशी बोलायच्या बंद झाल्या. फिनलंडच्या पश्चिमेला असतं तर हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं, तिकडे लोक एरवीही बोलत नाहीत. पण हे कारेलिया. इथे मीठ आणायला गेलेला माणूस तासाभराने घरी येतो आणि मीठ विसरून येतो. अशा गावात अबोला धरला जातो तेव्हा काहीतरी फार मोठं बिनसलेलं असतं.

खरं तर आर्मासला बाई नकोच होती, त्याला कागद हवा होता. बाई मिळालेली होती. मनमाया तामांग तिचं नाव, वय एकतीस, गाव नेपाळात नुवाकोटकडे. हंगामी परवान्यावर आलेली ही बाई उन्हाळाभर गावाबाहेरच्या मळ्यात वाकून स्ट्रॉबेऱ्या तोडत होती. मळा आटोपला आणि एका सकाळी ती बेकरीत पीराक्का घ्यायला आली. राय नावाच्या धान्याच्या काळपट पिठाची पातळ लाटी, तिच्यावर भाताची दाट खीर, आणि कड दोन्ही हातांच्या बोटांनी उचलून घातलेली बारीक मुरड, हा झाला पीराक्का. लाटी कुणीही लाटतं, खीर कुणीही शिजवतं. सगळी अब्रू मुरडीत.

आणि आर्मासच्या बोटांचे सांधे धरले होते. मुरड घालणारी हिल्क्का वसंतात निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेल्यापासून तो स्वतःच मुरड घालायचा, आणि ती कुंपणाच्या काटेरी तारेसारखी दिसायची. जागा भरायची म्हणून त्याने सहा महिने पाटी लावून पाहिली. एकच उमेदवार आला, योएन्सू शहरातला एक धिप्पाड गृहस्थ. त्याला पिठाची अ‍ॅलर्जी निघाली. तो सतरा वेळा शिंकला, माफी मागितली आणि गेला.

मनमायाने काउंटरपलीकडून आर्मासची ती झटापट पाहिली आणि विचारलं, “मी करून बघू?”

पहिल्या पीराक्काचा तिने मोमो केला. दुसऱ्याचा अर्धा मोमो. तिसऱ्याला आर्मासने चष्मा चढवला, आणि दहाव्याला तो पिठाच्या पोत्यावर बसून राहिला.

“दाजू, हे मला येतं,” ती म्हणाली. दाजू म्हणजे दादा. आर्मासची मात्र बरेच दिवस अशी समजूत होती की नेपाळीत बेकरीवाल्याला दाजू म्हणतात.

पण मळ्याचा परवाना मळ्यापुरता. बेकरीत कायमची नोकरी धरायची तर काम करायचा आणि राहायचा असा जोडपरवाना हवा, आणि तो हातात पडेपर्यंत पिठाला बोट लावायचं नाही. आर्मास नियमाचा माणूस. मनमाया सकाळी कॉफी प्यायला यायची तेव्हा तो तिला खुर्ची टेबलापासून चार हात लांब द्यायचा, न जाणो चुकून एखादी मुरड पडली तर. ती बिचारी हात जाकिटाच्या खिशात कोंबून त्याची काटेरी तार बघत बसायची.

“पाच महिने वाकून काम केलं, दाजू,” ती एकदा म्हणाली. “हे उभं राहून करायचं काम आहे. मला हेच पाहिजे.”

परवान्याचं गणित सरळ होतं. या जागेसाठी आसपास कुणी माणूस मिळतं का, हे रोजगार कार्यालय आधी बघणार. मिळत नसेल तर मनमायाचा कागद पुढे सरकणार. मिळत असेल तर मनमायाला गाशा गुंडाळावा लागणार. ती गेली की आर्मासची बोटं फार तर नाताळपर्यंत टिकणार, आणि मग बेकरीच्या पाटीवरचा ‘सोमवारी’ हा शब्द तेवढा खोडायचा.

तेव्हा जाहिरात नव्याने, रीतसर, कार्यालयाच्या संकेतस्थळावर द्यायची होती. इथे शेजारचा ओस्मो करविनेन मदतीला धावला. ओस्मो भूमापन कचेरीतून निवृत्त झालेला. तीस वर्षं सरकारी टेबलाच्या सरकारी बाजूला बसल्यामुळे सरकारच्या मनात काय चाललंय ते आपल्याला कळतं, असं त्याला वाटायचं.

“पुळचट लिहू नकोस,” ओस्मो म्हणाला. “‘माणूस मिळणे कठीण झाले आहे’ वगैरे लिहिलंस तर ते म्हणतील, अजून थोडं शोध. ठाम लिही.”

“ठाम म्हणजे कसं?”

“म्हणजे असं,” म्हणून ओस्मोने सांगितलं आणि आर्मासने लिहिलं : ‘कोइवुलाम्पी आणि परिसरात नीट मुरड घालता येणारी बाई उरलेली नाही. आहेत त्यांची मुरड व्यवसायाच्या दर्जाची नाही.’

दुसऱ्या वाक्याशी आर्मास जरा अडखळला होता. पण ओस्मो म्हणाला, हे फक्त कार्यालय वाचणार, तुझ्या सासूबाई नाही.

संगणकावर दोन चौकटी होत्या. एकीत उमेदवारांसाठी कामाचा तपशील भरायचा, दुसरीत कार्यालयासाठी खुलासा. आर्मासने उमेदवारांच्या चौकटीत खुलासा भरला, आणि कार्यालयाला कळवलं की कामावर येताना स्वच्छ एप्रन व बंद बूट घालावेत. मग बटण दाबून तो समाधानाने झोपला. त्या झोपेचा उल्लेख अशासाठी की पुढचे पाच आठवडे ती त्याला लागली नाही.

ग्रंथालयातली बाई गावकऱ्यांच्या सोयीसाठी नोकरीच्या जाहिराती छापून फळ्यावर लावते. दुपारपर्यंत तो फळा गावातल्या निम्म्या बायकांनी वाचला होता, आणि उरलेल्या निम्म्यांना तो फोनवर वाचून दाखवण्यात आला होता. कोइवुलाम्पीत तुम्ही एखादीला म्हातारी म्हणा, कंजूष म्हणा, तिच्या गायनाबद्दल चर्चच्या पायरीवर उभं राहून खरं ते सांगा, ती विसरून जाईल. पण तिची मुरड? ती तिच्या आजीने तिच्या आईला आणि आईने तिला दिलेली असते. कित्येक घरांत दागिना म्हणून दुसरं काही नसतंच.

आर्मासला पहिले तीन दिवस कळलंच नाही. चौथ्या दिवशी महिला मंडळाची अध्यक्ष केर्त्तू नेवालाइनेन बेकरीत आली. वय शहात्तर, पाठ ताठ. तिने काही मागितलं नाही. काचेतल्या ट्रेकडे बराच वेळ पाहिलं.

“हे कुंपण तूच घातलंस ना?” तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली.

घरी बायको सिर्का सूप वाढता वाढता म्हणाली, “आई फोन उचलत नाहीये.”

“झोपली असेल.”

“ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, आर्मास, अस्वल नाही. चार दिवस कशी झोपेल?” मग तिने फळ्यावरचा कागद त्याच्यासमोर ठेवला. आर्मासने स्वतःचं साहित्य प्रथमच छापील स्वरूपात वाचलं, आणि त्याच्या घशात बटाटा अडकला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून इंकेरी नावाच्या बाईचा फोन आला. आवाज गोड, कामात चोख.

“अभिनंदन,” ती म्हणाली. “तुमच्या जागेला चौदा अर्ज आलेत. या भागात इतका प्रतिसाद मी पाहिला नव्हता.”

आर्मासने विचारलं, “चौदा कोण?”

इंकेरीने नावं वाचली. महिला मंडळाची सबंध कार्यकारिणी, चर्चच्या गायकवृंदातली दुसरी ओळ, आणि शेवटी लेम्पी मुस्तोनेन.

“या माझ्या सासूबाई,” आर्मास म्हणाला.

“असं का? ‘ही नोकरी का हवी?’ याच्यापुढे त्यांनी लिहिलंय, ‘जावयाला दाखवायचं आहे.’ उत्साही दिसतात.” मग इंकेरीने समजावून सांगितलं की सर्वांना भेटावं लागेल, ज्यांना नाकारणार त्यांच्या नावापुढे कारण लिहावं लागेल, आणि वय हे कारण चालणार नाही. “यातली एक जरी योग्य आणि तयार निघाली तरी मला लिहावं लागेल की माणूस उपलब्ध आहे. ते झालं की तामांगबाईंचं काम पुढे नेता येत नाही. तुम्हाला कळतंय ना?”

आर्मासला कळत होतं. पण सिवोनेन घराण्यात एक गुण आहे, ज्याला बाहेरचे लोक डोकं नसणं म्हणतात : हातात घेतलेलं सोडायचं नाही. त्याने मनमायाला सांगितलं, “होईल.” तिने विचारलं, कसं होईल? तो म्हणाला, “ते अजून ठरलेलं नाही.”

ओस्मो पुन्हा धावून आला. त्याला दारातच अडवायला हवं होतं, पण शेजारी कारेलियातला असला की तो दार उघडायच्या आत कॉफी पीत बसलेला असतो. “मुलाखत पहाटे साडेचारला ठेव,” तो म्हणाला. “बेकरीची वेळच ती. खोटं काहीच नाही. ऑक्टोबरातल्या अंधारात एकही यायची नाही.”

ओस्मो स्वतः आठपर्यंत लोळणारा, त्यामुळे सत्तरीपुढच्या बाईला तीन वाजता जाग येते हे त्याच्या गावी नव्हतं. सव्वाचारला आर्मास बेकरी उघडायला आला तेव्हा दारात चौदा जणी उभ्या होत्या. कुणी न सांगताच स्वच्छ एप्रन, बंद बूट.

“उशीर केलास,” केर्त्तू म्हणाली.

पुढचे दोन तास आर्मासच्या स्वाभिमानाची जी कणीक तिंबली गेली तिचं सविस्तर वर्णन करणं माणुसकीला धरून होणार नाही. त्याचं पीठ सैल निघालं. लाटी जाड निघाली. खिरीत मीठ कमी आहे यावर चौदा जणींचं एकमत झालं, आणि खीर भाताची असावी की जवाच्या दलियाची यावर गायकवृंदाची दुसरी ओळ आपसांत भांडली. पण हात चालत होते. अठ्ठावीस हात, बारीक, सारखी, दाट मुरड. ट्रे भरत होते आणि भट्टीत जात होते. आर्मासने एकेकीच्या पीराक्काजवळ जाऊन दोष शोधला. खोटं त्याला लिहिता येत नव्हतं, आणि खरं लिहिण्यासारखं काही सापडत नव्हतं. सर्वांत शेवटी लेम्पीआई. वाळक्या बोटांनी, चष्मा न लावता, ती अशी मुरड घालत होती की आर्मास घटकाभर परवाना विसरून नुसता बघत राहिला.

तिढा असा पडला होता. गावात मुरड येते असं त्याने लिहून द्यावं, तर गावाची अब्रू परत मिळणार आणि मनमाया परत जाणार. येत नाही असं लिहावं, तर मनमाया राहणार, पण आर्मास चौदा बायकांच्या तोंडावर खोटा ठरणार, आणि त्या चौदांतली एक रविवारी त्याच्याच घरी जेवायला येणारी.

आठवडाभर त्याने मनाला मुरड घातली, मग महिला मंडळाच्या सभेला गेला. एवढं एकच ठिकाण होतं जिथे आजवर कुणी पुरुष स्टोव्ह दुरुस्त करण्याखेरीज आला नव्हता. तो उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, “मुरड सगळ्यांना येते. उत्तम येते.” आणि खाली बसला. त्याच्या तोवरच्या आयुष्यातलं हे सर्वांत लांब भाषण.

“मग तसं लिहून दे,” केर्त्तू म्हणाली.

“दिलं तर मनमायाला जावं लागेल.”

“कोण मनमाया?”

आर्मास पुन्हा उभा राहिला, आणि यावेळी त्याला बरंच बोलावं लागलं. मळा, मोमो, जोडपरवाना, दोन चौकटी, ओस्मो.

“म्हणजे हे सगळं त्या खिशात हात घालून बसणाऱ्या पोरीसाठी?” केर्त्तू म्हणाली. “अरे मग आधी सांगायला तुझं तोंड कुणी शिवलं होतं?”

“कुणी विचारलं नाही,” आर्मास म्हणाला, आणि हे अगदी खरं होतं.

“आम्हाला वाटलं तू मुरड घालायचं यंत्र आणतोयस,” मागून कुणीतरी पुटपुटलं.

कागद तिथेच मागवले गेले. कुणालाही खोटं लिहायची गरज पडली नाही. एकीने लिहिलं, गुडघे. दुसरीने लिहिलं, बुधवारी पत्ते असतात. चर्चच्या गायिकेने लिहिलं, ‘ज्याचे लंगोट मी बदलले त्याच्या हाताखाली मी काम करणार नाही.’ केर्त्तूने लिहिलं, ‘अर्ज रागाने केला होता. राग गेला.’ तेरा कागद झाले. चौदावा झाला नाही. लेम्पीआई सभेला आलीच नव्हती.

आर्मास तिच्या घरी गेला तेव्हा ती एप्रनला इस्त्री करत होती.

“मी नाही मागे घेत,” ती म्हणाली.

“आई, मी चुकलो. सगळ्यांसमोर कबूल केलंय.”

“कळलं मला. छान केलंस.” इस्त्री पुढे गेली, मागे आली. “मला कधी बोलावतोस कामावर?”

आर्मास खुर्चीवर बसला. “तुमचं वय चौऱ्याऐंशी आहे.”

“जाहिरातीत वय होतं?”

“नव्हतं.”

“मग?” तिने इस्त्री उभी केली. “बारा गाई होत्या आमच्या. पाच वाजता धारा, पुन्हा संध्याकाळी धारा, मधल्या वेळात पाच पोरं. कुठलाही सरकारी कागद आला की ‘व्यवसाय’ या रकान्यात तुझ्या सासऱ्यापुढे लिहायचे शेतकरी. माझ्यापुढे लिहायचे, शेतकऱ्याची बायको. तो गेल्यावर लिहिलं, शेतकऱ्याची विधवा. अर्ज मी रागाने केला होता, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवशी पहाटे एप्रन बांधून निघाले ना, तेव्हा राग नव्हता. मला नोकरी पाहिजे, आर्मास. एकदा तरी.”

आर्मासला वाईट वाटलं, आणि लाज वाटली, कारण पस्तीस वर्षं हिच्या हातचं खाऊन त्याने कधी विचारलं नव्हतं. घरी आल्यावर त्याने सिर्काला सांगितलं. ती ताट विसळत होती.

“नाकार की,” ती शांतपणे म्हणाली. “माझ्या आईला. लेखी. कारणासहित. मलाही वाचायचंय.”

“नाही नाकारणार,” तो म्हणाला. “आणि मनमायालाही सोडणार नाही.”

“कसं जमवणार?”

“ते अजून ठरलेलं नाही.”

सकाळी त्याने इंकेरीला फोन केला आणि जे होतं ते सांगितलं. तेरा जणींनी अर्ज मागे घेतलेत. चौदावी माझी सासू आहे, गावातली सर्वांत चांगली मुरड तिची आहे, आणि तिला नाकारायला माझ्याजवळ कारण नाही.

“मग जागा त्यांना देऊ करा,” इंकेरी म्हणाली. “जशी आहे तशी, पूर्ण. त्यांनी स्वीकारली तर तामांगबाईंचा अर्ज थांबेल. मी दुसरं काही सांगू शकत नाही.”

आर्मासने मनमायाला बोलावून हे सांगितलं. वाटलं होतं ती रडेल. तिने थोडा विचार केला.

“आजीची मुरड मी बघितली त्या दिवशी, काचेतून,” ती म्हणाली. “तिला विचारायलाच पाहिजे, दाजू. तुमच्या जागी मी असते तरी विचारलं असतं.” मग तिने तोंड फिरवलं आणि हात पुन्हा जाकिटाच्या खिशात कोंबले.

दुपारी करारनामा घेऊन आर्मास सासुरवाडीला गेला. लेम्पीआईने भिंग काढलं आणि चाळीस मिनिटं वाचलं. जाहिराती, करार आणि औषधांचे कागद पूर्ण वाचल्याशिवाय ती खाली ठेवत नसे. आर्मास तेवढा वेळ घड्याळाकडे न बघायचा प्रयत्न करत होता.

“हे मंगळवार ते शनिवार आहे,” ती शेवटी म्हणाली.

“हो.”

“रोज साडेचार ते साडेबारा.”

“हो.”

“मंगळवारी मी केस करायला जाते. बुधवारी पत्ते. शुक्रवारी सिर्का येते.” तिने भिंग खाली ठेवलं. “एवढी मोठी नोकरी कुणी मागितली होती? मला गुरुवार आणि शनिवार पाहिजे. अर्जात तसं लिहायला जागाच नव्हती. पूर्ण वेळ, होय की नाही, एवढंच. मी होय केलं.”

आर्मासने विचारलं, “आणि बाकीचे दिवस?”

“बाकीच्या दिवसांना ती पोरगी आहे ना तुझी? का तिला नुसतीच कॉफी पाजणार आहेस?”

‘पूर्ण वेळाची जागा नको,’ तिने कागदावर ठळक लिहिलं, ‘पण दोन सकाळी येणार म्हणजे येणारच.’ इंकेरीने तो कागद दोनदा वाचला म्हणे, आणि मग पूर्ण वेळाच्या जागेला गावात माणूस उपलब्ध नाही, असा अभिप्राय लिहिला. दुसरा, दोन सकाळींचा करार सिर्काने तयार केला. लेम्पीआईने त्यावर सही केली आणि व्यवसायाच्या रकान्याशी थांबली. मग तिने तिथे लिहिलं, ‘बेकरी कामगार’, आणि शाई वाळेपर्यंत कुणाला कागद उचलू दिला नाही.

मनमायाचं परवान्याचं कार्ड नोव्हेंबरच्या मध्यावर आलं, नेमकं बुधवारी. गुरुवारी सव्वाचारला ती एप्रन बांधून टेबलाशी उभी राहिली, तेव्हा लेम्पीआई समोर होतीच. तिने मनमायाचा पहिला पीराक्का उचलून दिव्यापाशी धरला.

“कड जरा बारीक घे. मी इथे तुझ्याआधीपासून आहे.”

“किती दिवस झाले, आजी?”

“तीन खेपा,” लेम्पीआई गंभीरपणे म्हणाली.

मनमायाने कड बारीक घेतली. आर्मासने आपली लाटी जाड होतेय का असं विचारून पाहिलं. दोघींपैकी कुणीही उत्तर दिलं नाही, म्हणून तो भट्टीकडे जाऊन उभा राहिला.

नऊ वाजता बेकरीतला फोन वाजला. डोळ्यांच्या दवाखान्यातून परिचारिका बोलत होती. लेम्पी मुस्तोनेन यांची तपासणी पुढच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी ठेवली आहे, घरी कुणी उचलत नाही, त्यांना निरोप द्याल का? आर्मासने फोन लेम्पीआईच्या कानाला लावला, कारण तिचे दोन्ही हात पिठात होते.

“गुरुवार जमणार नाही, बाई,” लेम्पीआई म्हणाली. “गुरुवारी मी कामावर असते.”